‘गॉर्डन बेनेट!’ म्हणजे नेमकं कोण?

ब्रिटिश मालिकेत एखाद्याच्या हातून कप फुटतो आणि तो ओरडतो, ‘गॉर्डन बेनेट!’ या नावाचं पात्र शोधत बसू नका. हा वैतागाचा किंवा आश्चर्याचा उद्गार आहे, आपल्या ‘अरे देवा!’सारखा. देवाचं नाव उगाच घेणं तिकडे गैर मानलं जायचं. म्हणून ‘गॉड’ म्हणता म्हणता लोकांनी जीभ ‘गॉर्डन’कडे वळवली, असं मानतात. नाव बहुधा धाकट्या जेम्स गॉर्डन बेनेटचं (१८४१-१९१८). ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा हा मालक उधळपट्टी आणि भानगडींसाठी गाजलेला. आफ्रिकेत लिव्हिंगस्टनला शोधायला स्टॅनलीला पाठवलं, तेही यानेच. उद्गार शिवी नाही, त्यामुळे आजीसमोरही चालेल. पण तरुण ब्रिटिश मित्राला मेसेजमध्ये पाठवलात, तर त्याला त्याचे आजोबा आठवतील!