‘आक्रोश’, झरी आणि मागचे बाक

१९९५ साली, आपण नववीत असताना, इतिहासाच्या सरांनी व्हीसीआर भाड्याने आणून हॉलमध्ये ‘आक्रोश’ दाखवला होता. आठवतंय? गोविंद निहलानींचा हा पहिला चित्रपट १९८० चा, पटकथा विजय तेंडुलकरांची. पुढच्याच वर्षी त्याला भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला होता. आपण मात्र गाणी आणि मारामारीच्या आशेने बसलो होतो.

ओम पुरींचा आदिवासी लहान्या बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असतो. खरे गुन्हेगार गावातले प्रतिष्ठित. तो आपल्या वकिलाशीही अवाक्षर बोलत नाही. शेवटी बापाच्या चितेपाशी तो कुऱ्हाडीने स्वतःच्या बहिणीला मारतो, तिचीही तीच गत होऊ नये म्हणून. मग तोंड उघडतो, ते फक्त आक्रोशासाठी. दिवे लागले तरी कुणी जागचं हललं नाही.

मी पुढच्या बाकावरून म्हणाले, “कोर्टात सगळं सांगून टाकायचं ना!”

मागून तलासरीकडची, वसतिगृहात राहणारी वर्गमैत्रीण म्हणाली, “कोणाला?”

त्या एका शब्दाचं उत्तर मला इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्यावर, गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना मिळालं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली नवरा-बायको सावकाराचे ‘लग्नगडी’ होऊन राबत. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती मारले गेले. पण लढा थांबला नाही. वेठ संपली.

लहान्या एकटा होता, म्हणून गप्प होता. झरीला माणसं आधी एकमेकांशी बोलली.

आपण चित्रपट पाहिला, ते झरीच्या सभेचं पन्नासावं वर्ष होतं. सर, तुम्ही तेव्हा हे सांगितलं नाहीत. आता वाटतं, आम्ही कधीतरी विचारू म्हणून वाट पाहत असाल. झरी शाळेपासून फार लांब नाही, पण आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. आमच्या चिकूच्या वाडीत कोण राबतं, तेही मी घरी कधी विचारलं नव्हतं.

मेळाव्याच्या ग्रुपवर आज पुढच्या बाकांवरचे जवळजवळ सगळे आहेत, मागचे मोजकेच. ती मैत्रीण नाही. कुणाकडे तिचा नंबर असेल तर कळवा. तीस वर्षं झाली, तिच्याशी बोलायचं राहून गेलं आहे.