सांध्यांतील गंज

उघड्यावरील गंज नजरेस पडतो व त्यावर उपायही होतो. दोन पत्र्यांच्या सांध्यांत दडलेला गंज मात्र वर्षानुवर्षें गुपचूप आपलें काम करीत राहतो. २८ एप्रिल १९८८ रोजीं ह्याचा भयंकर प्रत्यय आला. पॅसिफिक महासागरांतील हवाई द्वीपसमूहांत हिलोहून होनोलुलूकडे निघालेलें अलोहा एअरलाइन्सचें बोइंग ७३७ विमान २४,००० फुटांवर असतां त्याच्या पुढील भागाचें छप्पर एकाएकीं उडून गेलें. एक सेविका बाहेर फेकली गेली; ती पुन्हां सांपडली नाहीं. उरलेल्या ९४ जणांसह वैमानिकांनीं तें उघडें विमान सुमारें १३ मिनिटांत माउई बेटावर उतरविलें.

हें विमान १९६९ सालचें. त्या काळीं ह्या जातीच्या विमानांत अल्युमिनियमच्या एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवीत, मध्यें रेझिननें भिजविलेलें कापड घालून दोन्ही चिकटवीत, आणि वरून रिवेटांच्या तीन रांगा ठोकीत. पत्रे एका मिलिमीटरहूनही पातळ होते. मुख्य भार त्या चिकटलेल्या पृष्ठभागानें वाहावा, अशी योजना होती. परंतु तें कापड वापरापूर्वीं थंड ठेवावें लागे. त्यावर दंव धरलें, अथवा तें वेळेपूर्वींच घट्ट झालें, तर जोड कच्चा राही.

अशा कच्च्या जोडांत दमट, खारी हवा शिरली. अल्युमिनियमचा गंज मूळ धातूहून अधिक जागा व्यापतो. पाचरीप्रमाणें तो पत्रे अलग करतो. मग सारा भार रिवेटांवर आला. रिवेटांचीं डोकीं सपाट बसावीं म्हणून छिद्रांच्या कडा तासलेल्या होत्या. त्या सुरीच्या धारेसारख्या पातळ झाल्या होत्या. प्रत्येक उड्डाणांत आंतील दाबानें विमान किंचित् फुगे व उतरतांना आकसे. बेटांमधील लहान फेऱ्यांमुळें अशीं ८९,६८० उड्डाणें झालीं होतीं. छिद्राछिद्रांशीं उगवलेल्या बारीक चिरा शेवटीं एकमेकींस मिळाल्या.

धोका अगदींच अज्ञात नव्हता. कारखान्यानें १९७२ पासून सांध्याची रचना बदलली होती. १९८७ सालीं तपासणीचा सरकारी हुकूमही निघाला होता. तरीही देखभालींत हें नुकसान उमगलें नाहीं, असा ठपका चौकशीनें ठेवला. विमानांत चढतांना एका स्त्रीला भेग दिसली होती. परंतु तिनें तें कोणास सांगितलें नाहीं. १९९१ सालीं अमेरिकेनें जुन्या विमानांच्या तपासणीचा कायदा केला. विमानानें किती वर्षें काढलीं, एवढेंच विचारून भागत नाहीं. तें किती वेळां फुगलें, आणि त्याचे सांधे कोणत्या हवेंत राहिले, हेंही आतां पाहावें लागतें.