संगम ते बंड

आपल्या १९७५ च्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने (म्हणजे दुसऱ्या बाकावरच्या दोघांनी) मला बजावले की, शाळेच्या आठवणी नकोत, त्या सगळेच लिहिणार आहेत. तू इतिहासाचा, तू काहीतरी इतिहासाचे लिही. पहिल्या दहावीची बॅच हीच मुळात इतिहासजमा गोष्ट आहे, पण ते असो. मी विषय निवडला तो नदीचा. नदी म्हणजे संगमापासून बंडगार्डनपर्यंतचा, फार तर तीन किलोमीटरचा पट्टा. त्यावर एके काळी संध्याकाळी होड्या फिरत.

लहानपणी मला वाटे की, बंडगार्डनला कोणीतरी बंड केले असणार. सत्तावन्नचे असेल, असा माझा अंदाज होता. भूगोलाच्या सरांनी हसू आवरत सांगितले की, हे बंड म्हणजे बांध. शब्द मूळचा फारसी, आपल्याकडून इंग्रजांनी उचलला आणि तो पुन्हा आपल्याला परत केला. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ या बांधातच आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी.

मुळा-मुठा ही काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. पावसाळ्यात ती अंगावर येते आणि मार्च लागला की खडक उघडे पडतात. लष्कराच्या वस्तीला पाणी कमी पडू लागले, तेव्हा येरवड्याच्या बाजूला नदीवर दगडी बांध घालण्यात आला. तो १८५० मध्ये पुरा झाला. एकूण खर्च अडीच लाख रुपयांच्या थोडा वर गेला आणि त्यांतले पावणेदोन लाख सर जमशेटजी जीजीभाई या मुंबईच्या पारशी दानशूराने दिले. पाणी अडले, ते फुगून मागे संगमाच्या दिशेने पसरले, आणि ज्या महिन्यांत नदीत गुडघाभर पाणी नसायचे त्या महिन्यांत तिथे एक लांबट तळे तयार झाले. पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्या सोयीतून होडीची हौस अशी फुकटात निघाली.

मग गोष्टी भराभर घडल्या. बांधाशेजारी बाग झाली. १८६७ मध्ये कॅप्टन सेलन यांनी बांधलेला पूल झाला आणि त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळाले. लगेच पुढच्या वर्षी, १८६८ मध्ये, नदीकाठी बोट क्लब निघाला. पुढे व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती म्हणून इकडे होते (१८८६ ते १८९०). त्यांचे नाव क्लबाला लागले आणि तो रॉयल कॅनॉट बोट क्लब झाला. आज आपण ज्याला सहजपणे बोट क्लब रोड म्हणतो आणि जिथल्या फ्लॅटचे भाव ऐकून गप्प बसतो, तो रस्ता या क्लबाचा.

त्या काळी मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी. ‘पूना सीझन’ म्हणतात तो पावसाळ्याचा. पण पावसाळ्यातली नदी होडीला सोयीची नसते. गढूळ, ओढ असलेली, लाकडे वाहून आणणारी. पाणी निवळायचे ते पावसाळा ओसरल्यावर, आणि तिथपासून उन्हाळ्यापर्यंत ते वल्हवण्याजोगे राही. एप्रिल-मे मध्ये बडे साहेब डोंगरावर गेले की, मागे राहिलेले अधिकारी आणि त्यांच्या बायका उन्हे उतरल्यावर होड्या काढत. बागेत लष्करी बँड वाजे. संगमाकडे जायचे, वळायचे, बांधाच्या अलीकडे थांबायचे, मग व्हरांड्यात बसून गप्पा. मुंबईकर वर्गमित्र म्हणतील, याला काय नौकाविहार म्हणायचे? तुमचा यॉट क्लब १८४६ चा, तुमच्यापुढे अख्खा समुद्र. कबूल. आमच्याकडे तीन किलोमीटर होते आणि पुण्याला तेवढे पुरत होते.

माझे आजोबा लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटले की, ते कधी कधी सायकल बंडगार्डनकडे वळवत. बांधाजवळ बसून, डब्यात उरलेली पोळी खात होड्या बघत आणि दिवेलागणीला शनिवार पेठेत परत येत. या त्यांच्या सहलीत आजी कधीच नव्हती. ‘साहेबाच्या होड्या फुकट बघायला एवढं लांब कशाला जायचं?’ असे ती म्हणे. क्लबाच्या फाटकातून आत जावे असे आजोबांच्या मनातही आले नसेल. पाटी वाचायची गरजच नव्हती.

म्हणून आपल्या लोकांनी वल्ह्याला कधी हातच लावला नाही असे मात्र नाही. लोकमान्य टिळक १८७३ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात दाखल झाले आणि पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून प्रकृती कमावण्यात घालवले. तालीम, पोहणे आणि होडी वल्हवणे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे पेठेतल्या मुलाला या पाण्यावर जायचे तर क्लबाच्या फाटकाने नव्हे, कॉलेजाच्या फाटकाने. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आणि ते फाटक सताड उघडले ते १९२८ मध्ये, संगमाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बोट क्लब सुरू झाला तेव्हा.

त्या कॉलेजाचा म्हणजे सीओईपीचा रेगाटा बहुतेकांनी निदान एकदा पाहिला असेल. अलीकडे तो मार्चमध्ये होतो. पाण्यावर कयाक आणि पंट यांच्या रचना, बाणाच्या आकारात सरकणाऱ्या होड्या, अंधार पडल्यावर मशालींचा नाच. तो एक दिवसाचा सोहळा. पण क्लबाचे खरे आयुष्य म्हणजे रोजची संध्याकाळ. होडी धुवायची, उलटी करून ठेवायची, कोण कोणाच्या वल्ह्याच्या लयीत चुकले यावर भांडायचे आणि नंतर कँटीनमध्ये चहा. मी कॉमर्सचा, माझा तिथे काडीचा संबंध नव्हता. पण आपल्यातला शेवटच्या बाकावरचा, वर्गात सगळ्यांत उंच असलेला (नाव लिहू नकोस असे त्याने कळवले आहे) बारावीनंतर तिथे गेला आणि १९७८-७९ मध्ये माझ्या बऱ्याच संध्याकाळी त्याच्यामागे तिथे गेल्या. पाणी तेव्हाही पिण्यासारखे नव्हते. पण त्यात हात बुडवायला कोणी कचरत नसे.

१९७९ च्या मे महिन्यात त्यानेच विचारले, ‘तुझ्या आजोबांना आणतोस का रे?’ मी घरी कधी काय बोललो ते त्याच्या लक्षात राहिले होते. आजोबा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे. रीतसर परवानगी काढली. आजोबा धोतर, कोट, टोपी अशा कचेरीच्या पोशाखात आले. धक्क्यावरून पंटमध्ये पाय टाकताना त्यांनी चपला काढल्या आणि पूर्ण वेळ त्या मांडीवर धरून ठेवल्या. कितीही सांगितले तरी खाली ठेवल्या नाहीत. आमचा उंच वर्गमित्र वल्हवत होता. संगम मागे पडला, डाव्या-उजव्या बाजूची झाडे, वर परतणारे बगळे. आजोबा काहीच बोलेनात. मला वाटले, घाबरले. मग म्हणाले, ‘इथून बांध बुटका दिसतो.’ चाळीस वर्षे त्यांनी तो काठावरून पाहिला होता.

परत येताना त्यांनी वल्हे मागितले. दोन हात मारले आणि होडी जागच्या जागी फिरली. ते खूप हसले. घरी गेल्यावर आजीला म्हणाले, ‘मीही वल्हवली.’ आजी म्हणाली, ‘चपला ओल्या केल्यात ना?’

या पट्ट्याला मोठा तडाखा बसला होता तो त्याआधीच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले. आपण तेव्हा रांगत होतो, पण घरोघरी भिंतीवरच्या पुराच्या रेषा पाहत मोठे झालो. तरी पूर येऊन जातो. सीओईपीच्या होड्या पुन्हा पाण्यावर आल्याच. त्यांना जे नंतर भोवले ते हळूहळू आले. शहर वाढले, सांडपाणी वाढले आणि प्रक्रिया न झालेले पाणी नदीत येत राहिले. त्यावर पोसली जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेची, शोभेची म्हणून जगभर नेलेली वनस्पती. तिला तीन गोष्टी लागतात: संथ पाणी, ऊन आणि खत. उन्हाळ्यातल्या नदीत तिन्ही आहेत, आणि अनुकूल परिस्थितीत ती पंधरा दिवसांत दुप्पट होते. वाईट वाटते ते याचे की, ज्या संथ पाण्यामुळे इथे होडी आली, तेच संथ पाणी तिला मानवते. बांधाला दोघे सारखेच. आता रेगाटाच्या आधी जलपर्णी काढली जाईल की नाही हीच दरवर्षीची बातमी असते.

वल्हवणे मात्र पुण्यातून गेलेले नाही. खडकी-दापोडीच्या लष्करी संस्थांत ते जोरात आहे. कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये त्यासाठी वेगळा लांबलचक पाण्याचा पट्टा तयार केलेला आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी भागातला, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा. लष्करात भरती झाल्यावर त्याने पहिल्यांदा वल्हे धरले, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवले. आजोबांना हे फार आवडले असते.

नदीसुधाराच्या ४४ किलोमीटरच्या प्रकल्पाचे काम सध्या चालू आहे. त्याविषयी मते अनेक आहेत आणि आपल्या ग्रुपवर ती सगळी, कधी कधी रात्री दोन वाजता, मांडून झाली आहेत. माझे एवढेच म्हणणे की, आधी पाणी स्वच्छ करा, काठ नंतर सजवा.

आपला उंच वर्गमित्र आता अमेरिकेत असतो. साठी उलटल्यावरही तिथल्या तळ्यावर पहाटे होडी काढतो. संमेलनाला येतोय, आणि त्याने एकच मागणी केली आहे, संगमावर न्या. होडी मिळेल का ते मी विचारले, नक्की काही सांगता येत नाही असे उत्तर आले. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही फिट्झजेराल्ड पुलावर जमणार आहोत. तिथे आता वाहने नाहीत, निवांत चालता येते. सर आणि बाईंपैकी कोणाला यायचे असेल तर मला आदल्या रात्री जेवताना सांगा, गाडीची सोय करतो. चहाचा थर्मास माझ्याकडे.