नाकारलेले तेल : १९६० चा सोव्हिएत प्रस्ताव आणि ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या आर्थिक इतिहासात खनिज तेलाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला दिसतो. एक म्हणजे देशांतर्गत तेलाचा शोध आणि दुसरे म्हणजे १९७३ च्या तेलसंकटाचे परिणाम. या दोहोंच्या आधी, १९६० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मुंबईच्या ट्रॉम्बे (तुर्भे) किनाऱ्यावरील कारखान्यांच्या संदर्भात जो पेचप्रसंग उद्भवला, त्याकडे मराठीतील अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तेल उत्पादक सोव्हिएत संघ आणि तेल आयातदार भारत यांच्यातील सहकार्य नेमके कशा स्वरूपाचे होते, हे समजून घेण्यासाठी तो प्रसंग महत्त्वाचा आहे. या सहकार्याला 'मैत्री' हा शब्द लावण्याची सवय आपल्याला जडली आहे. तो शब्द पुरेसा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे आणि त्याचीच मांडणी या शोधनिबंधात केली आहे.

संग्रामपूरसारख्या सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या, रेल्वेपासून दूरच्या तालुक्यातून या विषयाकडे का पाहावे, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. ज्या काळात गावोगावी वीज पोहोचलेली नव्हती, त्या काळात घरातील कंदील, दुकानातील गॅसबत्ती आणि विहिरीवरील इंजिन ही रॉकेल व डिझेल यांवरच चालत होती. बर्मा-शेल हे नाव वऱ्हाडातील माणसाला कंपनी म्हणून नव्हे, तर रॉकेलच्या डब्यावरून ठाऊक होते. त्या डब्याचा भाव कोण आणि कसा ठरवितो, हा खेड्यातील घरखर्चाशी थेट निगडित असलेला प्रश्न होता.

ट्रॉम्बेचे करार

१९५१ पर्यंत भारतात दिग्बोईचा, १९०१ मध्ये सुरू झालेला, एकमेव उल्लेखनीय तेलशुद्धीकरण कारखाना होता. देशाला लागणारा बहुतांश पक्का माल परदेशातून, विशेषतः इराणमधील अबादान येथील प्रचंड कारखान्यातून येत असे. १९५१ च्या मे महिन्यात मोसाद्देक यांच्या सरकारने इराणचा तेलउद्योग राष्ट्रीयीकृत केला आणि अबादान बंद पडले. भारत सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस स्टँडर्ड-व्हॅक्यूम व बर्मा-शेल या कंपन्यांशी आणि १९५३ मध्ये कॅलटेक्सशी करार केले. त्या वेळी केंद्रीय अर्थखाते चिंतामणराव देशमुख यांच्याकडे होते. स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा-शेलचा १९५५ मध्ये ट्रॉम्बे येथे सुरू झाला. कॅलटेक्सने विशाखापट्टणमची निवड केली.

या करारांतील दोन अटी पुढील घटनाक्रमाच्या दृष्टीने निर्णायक ठरल्या. कारखान्यांचे २५ वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही, ही पहिली अट. कच्चे तेल कोठून आणावयाचे हे कंपनी ठरवील, ही दुसरी. इराणच्या घटनेने धास्तावलेल्या कंपन्यांनी पहिली अट मागितली, हे सहज समजण्यासारखे आहे. मात्र खरे मोल दुसऱ्या अटीत होते. या कंपन्या विहिरीपासून विक्रीपर्यंतची संपूर्ण साखळी स्वतःच्या हाती ठेवून होत्या. मूळ कंपनीने पश्चिम आशियात काढलेले तेल तिच्याच ट्रॉम्बे येथील कारखान्याला 'जाहीर भावा'ने विकावयाचे आणि त्या भावातच नफ्याचा मोठा वाटा काढून घ्यावयाचा, अशी ती व्यवस्था होती. कारखाना भारताच्या भूमीवर आला. भावाचे नियंत्रण मात्र आले नाही. या करारांवर पुढे कठोर टीका झाली. तथापि १९५१ मध्ये सरकारकडे भांडवल, तंत्रज्ञ आणि कच्चे तेल या तिन्हींचा अभाव होता, हे टीकाकारांनी पुरेसे लक्षात घेतलेले दिसत नाही.

प्रस्ताव आणि नकार

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, विशेषतः १९५७-५८ मध्ये, परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली. तेलाच्या आयातीवर खर्च होणारे पौंड आणि डॉलर ही सरकारची मोठी चिंता होती. याच सुमारास सोव्हिएत संघाशी तेलक्षेत्रात संबंध जुळत गेले होते. १९५५-५६ मध्ये कालिनिन यांच्या नेतृत्वाखालील सोव्हिएत तज्ज्ञांनी भारतातील तेलाच्या शक्यतांची पाहणी केली, १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि १९५८ मध्ये खंबायत येथे तेल लागले. जून १९५९ मध्ये सरकारी मालकीची इंडियन ऑइल कंपनी अस्तित्वात आली.

या पार्श्वभूमीवर १९६० मध्ये सोव्हिएत संघाने कच्चे तेल देऊ केले. भाव पाश्चात्त्य कंपन्यांच्या जाहीर भावाहून लक्षणीयरीत्या कमी होता आणि किंमत रुपयांत स्वीकारली जाणार होती. खाण व तेल खात्याचे मंत्री केशव देव मालवीय यांनी हे तेल शुद्ध करून देण्याविषयी कंपन्यांना विचारणा केली. कंपन्यांनी नकार दिला. कराराने कच्च्या तेलाचे मूळ निवडण्याचा अधिकार आम्हांस दिला आहे, ही त्यांची भूमिका होती आणि कराराच्या शब्दांकडे पाहता ती चुकीची नव्हती.

नेमक्या त्याच आठवड्यांत हाच प्रश्न क्युबामध्ये उभा राहिला होता. तेथेही एस्सो, शेल व टेक्साको यांनी सोव्हिएत कच्चे तेल शुद्ध करण्यास नकार दिला आणि १९६० च्या जून-जुलैमध्ये कॅस्ट्रो सरकारने कारखाने ताब्यात घेतले. भारताने तसे केले नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेला भारत साहाय्य गट, अमेरिकेचा पीएल-४८० चा गहू आणि योजनेसाठी लागणारे कर्ज यांचा विचार करता ते शक्यही नव्हते. पुढे सिलोनने १९६२ मध्ये परदेशी कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा १९६३ च्या प्रारंभी अमेरिकेने त्याची मदत थांबविली. दिल्लीच्या सावधपणाला केवळ भित्रेपणा म्हणता येणार नाही, हे यावरून दिसून येते.

परंतु नकार हा या प्रकरणाचा शेवट नव्हता. सोव्हिएत कच्चे तेल ट्रॉम्बेच्या भट्ट्यांत गेले नाही. तरीही त्या प्रस्तावाचा परिणाम झाला. स्वस्त तेल देणारा दुसरा विक्रेता प्रत्यक्ष उभा आहे, हे स्पष्ट झाल्यावर कंपन्यांनी भारताला पुरविण्याच्या कच्च्या तेलाच्या भावात सवलत देण्यास सुरुवात केली. जी सवलत वाटाघाटीच्या मेजावर मिळत नव्हती, ती न घेतलेल्या तेलाने मिळवून दिली. त्याच वर्षी के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली तेलभाव चौकशी समिती नेमली गेली आणि १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. पुढे तालुकदार (१९६५) व शांतिलाल शाह (१९६९) समित्यांनी हे काम चालू ठेवले. रॉकेलच्या डब्याचा भाव सरकारी छाननीखाली येण्याची प्रक्रिया अशा रीतीने रुळली.

कच्च्या तेलाचा मार्ग बंद असल्याने सरकारने पक्क्या मालाचा मार्ग धरला. १७ ऑगस्ट १९६० रोजी 'उझगोरोद' हे सोव्हिएत टँकर जहाज ११,३९० टन डिझेल घेऊन मुंबईच्या पीर पाव धक्क्याला लागले. इंडियन ऑइलसाठी आलेला हा पहिला माल होय. महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन तेव्हा अवघे साडेतीन महिने झाले होते. ज्या कारखान्यांनी सोव्हिएत तेल नाकारले, ते त्याच किनाऱ्यावर, धक्क्यापासून जवळच उभे होते, हे स्थळाचे साहचर्य अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

मैत्री की सौदा?

या सहकार्यात सोव्हिएत संघाचा स्वतःचा स्वार्थ होता. व्होल्गा-उरल प्रदेशातील उत्पादन वेगाने वाढले होते आणि त्याला बाजारपेठ हवी होती. इटलीच्या एन्रिको मात्तेई यांच्या सरकारी कंपनीनेही १९६० मध्येच सोव्हिएत तेलाचा मोठा करार केला. मॉस्कोच्या दृष्टीने भारत हा मित्र होता, तसा गिऱ्हाईकही होता.

या स्वस्त तेलाची दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे. सोव्हिएत स्पर्धेचे कारण पुढे करून ऑगस्ट १९६० मध्ये स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) कंपनीने पश्चिम आशियातील तेलाचा जाहीर भाव कमी केला. इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. उत्पादक देशांचे उत्पन्न या भावावर अवलंबून असल्याने त्यांत संताप उसळला आणि सप्टेंबर १९६० मध्ये बगदाद येथे इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया व व्हेनेझुएला यांनी ओपेक ही संघटना स्थापन केली. 'उझगोरोद' धक्क्याला लागल्यानंतर महिनाही उलटला नव्हता. ओपेकच्या स्थापनेस भारत कारणीभूत ठरला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या भावघसरणीचा भारताला लाभ झाला, तिची झळ दुसऱ्या गरीब देशांना बसली आणि त्यांनी उभारलेल्या संघटनेच्या सदस्यांनीच १९७३ मध्ये भारताचे आयातबिल कित्येक पटींनी वाढविले, हा संबंध नाकारता येत नाही. आशियाई ऐक्याच्या भाषणांत याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

१९६० नंतर भारताने एकाच उत्पादक देशावर विसंबून न राहण्याचे धोरण स्वीकारले. बरौनी व कोयली येथील कारखाने सोव्हिएत साहाय्याने, गुवाहाटीचा रुमानियाच्या साहाय्याने, तर मद्रासचा इराणच्या राष्ट्रीय तेल कंपनीच्या भागीदारीत उभा राहिला. मुंबईच्या समुद्रातील भूकंपलहरी सर्वेक्षण सोव्हिएत जहाजाने केले. १९ फेब्रुवारी १९७४ रोजी ज्या 'सागर सम्राट'ने बॉम्बे हाय येथे तेल शोधले, ते जपानमध्ये बांधलेले होते. ट्रॉम्बेचा एस्सोचा कारखाना १९७४ मध्ये आणि बर्मा-शेलचा १९७६ मध्ये सरकारी मालकीचा झाला. हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या आजच्या कंपन्या त्यातूनच आल्या.

रुपयाचा प्रश्न

या दोन्ही कंपन्यांनी २०२२ नंतर रशियाचे कच्चे तेल विकत घेतले. युक्रेन युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता. २०२३-२४ मध्ये तो सुमारे एक तृतीयांशावर गेला. या वेळी नकार देणारा कारखानदार नव्हता. दबाव आला तो बाहेरून : डिसेंबर २०२२ मधील प्रतिपिंप ६० डॉलरची भावमर्यादा आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर लादलेले अतिरिक्त २५ टक्के आयातशुल्क.

१९६० शी तुलना करताना मात्र एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. त्या काळात सोव्हिएत संघाने मिळविलेले रुपये भारतातच खर्च होत. चहा, ताग, काजू, कातडी वस्तू यांची खरेदी व्यापार करारांतच ठरलेली असे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयांतील आंतरराष्ट्रीय व्यवहारांची व्यवस्था जाहीर केली. परंतु मे २०२३ मध्ये गोव्यातील शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीच्या वेळी रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी भारतीय बँकांत साठलेले अब्जावधी रुपये वापरता येत नसल्याचे बोलून दाखविले. रशियाला विकण्याजोगा माल आपल्याकडून पुरेशा प्रमाणात गेला नाही, इतकाच त्याचा अर्थ. १९६० चा रुपया चालला, कारण त्याच्यामागे आसामचा चहा आणि बंगालचा ताग उभा होता. २०२३ च्या रुपयामागे काय उभे करावयाचे, हा प्रश्न तेलखात्याचा नसून शेती आणि उद्योगखात्याचा आहे. आणि कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातील महाविद्यालयात तो विचारला जाणे अप्रस्तुत नाही.