पॅकिंग की ट्यूब? इंजिनातल्या एका फटीचा तीनशे वर्षांचा इतिहास

इअरफोन नीट बसलेत ना? आजचा विषय जरा तेलकट आहे.

इंजिन उघडून परत बसवताना कुठल्याही गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो. या सांध्याला पॅकिंग लावायचं की ट्यूब? पॅकिंग म्हणजे गॅस्केट: कागदाचं, बुचाचं, रबराचं नाहीतर पत्र्याचं, सांध्याच्या आकारात आधीच कापून आलेलं. ट्यूब म्हणजे पिळून लावायचं सीलंट. जुने मेस्त्री त्याला आजही सरसकट 'शेलॅक' म्हणतात. आणि बाजूला उभा असलेला एखादा मित्र सल्ला देतोच, "अरे, दोन्ही लाव ना, डबल सेफ!"

या भांडणाचं उत्तर मला इतिहासात सापडलं. मूळ प्रश्न आहे फटीचा. दोन धातू एकमेकांवर ठेवले की मध्ये फट राहतेच. मग ती बुजवायची जबाबदारी कोणाची? कारखान्याची, मधल्या पॅकिंगची, की पान्हा हातात धरलेल्या माणसाची? गेली तीनशे वर्षं ही जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे सरकत आलीय. चला, सुरुवातीपासून बघू.

साल 1712. इंग्लंडमध्ये डडली गावाजवळ थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन खाणीतलं पाणी उपसायला लागलं. सिलिंडर ओबडधोबड, पिस्टन त्यात सैल. न्यूकोमेनचा उपाय साधा होता. पिस्टनला चामड्याची चकती लावायची आणि वरून पाण्याचा थर सोडायचा. फट चामडं आणि पाणी मिळून बुजवायचे. म्हणजे पॅकिंग आणि लिक्विड, दोन्ही पहिल्याच इंजिनात हजर!

मग आला जेम्स वॉट. त्याला सिलिंडर सतत गरम ठेवायचा होता, कारण त्यातच कोळशाची बचत होती. पण गरम सिलिंडरमध्ये वरून पाणी झिरपलं की सगळं मुसळ केरात. वॉटने मग काय काय कोंबून पाहिलं! कागद, बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, जुन्या टोप्या आणि हो, घोड्याची लीदसुद्धा. त्याच्या 1769 च्या पेटंटमध्ये पिस्टन हवाबंद करण्यासाठी तेल, मेण, राळेसारखे पदार्थ, प्राण्यांची चरबी आणि पारा अशी यादीच आहे. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा हसूच आलं. पण नीट बघितलं तर हा लिक्विड सीलंटचाच शोध चालला होता.

वॉटची खरी सुटका केली जॉन विल्किन्सनने. हा तोफांच्या नळ्या आतून कोरणारा माणूस. 1774 मध्ये त्याने तोफ कोरण्याच्या नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि लगेच वॉटसाठी सिलिंडर कोरायला घेतले. पन्नास इंच, म्हणजे चार फुटांहून रुंद सिलिंडर, आणि त्यात चूक किती? जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकीही नाही, असं वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टनने कौतुकाने लिहून ठेवलंय. त्या काळी हा चमत्कार होता. पण नाण्याच्या जाडीएवढी फट आजच्या मेस्त्रीला दाखवा, तो कपाळावर हात मारेल. ती उरलेली फट बुजवायला हेंपच्या वेण्या, म्हणजे तागासारख्या दोरखंडाच्या धाग्यांच्या वेण्या, चरबीत भिजवून पिस्टनभोवती गुंडाळायचे.

आणि इथेच 'गॅस्केट' हा शब्द इंजिनात शिरतो. मुळात हा जहाजावरचा शब्द. गुंडाळलेलं शीड ज्या दोरीने बांधतात, ती गॅस्केट. दोरीची वेणी जहाजावरून इंजिनात आली, शब्दही तिच्यासोबत आला. दोरी गेली, शब्द राहिला.

आता जरा वेगळ्या वाटेने जाणारे लोक. त्यांचं म्हणणं असं: फट बुजवता कशाला, फट ठेवूच नका! 1840 मध्ये जोसेफ व्हिटवर्थने धातूचा खरोखर सपाट पृष्ठभाग बनवायची रीत मांडली. तीन पट्ट्या घ्यायच्या, आळीपाळीने एकमेकांशी ताडून बघायच्या आणि उंच ठिपके हाताने खरवडून काढायचे. तीनच का? कारण दोन पट्ट्या एकमेकांत छान बसल्या तरी एक खोलगट आणि दुसरी फुगीर असू शकते. तिसरी आली की ही चोरी पकडली जाते. सुंदर आयडिया आहे ना?

ही कल्पना मोटारीत टोकाला नेली एतोर बुगात्तीने. त्याच्या जुन्या इंजिनांचे सांधे कारागीर हाताने खरवडून इतके सपाट करत की मध्ये गॅस्केट लागायचंच नाही. धातूवर धातू, बस्स. इथे फटीची सगळी जबाबदारी कारागिराच्या हातावर. पण असे हात किती मिळणार? आणि त्या हातांचा पगार गाडीच्या किमतीत धरला, तर ती गाडी घेणार कोण?

हेन्री फोर्डचं गणित नेमकं उलटं. त्याची मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटींच्या घरात बनली. एवढ्या इंजिनांचे सांधे हाताने खरवडत बसले असते, तर काम आजही चालू असतं! म्हणून मध्ये नरम काहीतरी घाला आणि बोल्ट आवळा. धातूतले खड्डे ते नरम पॅकिंग दाबून भरून काढेल. मॉडेल टीच्या हेडखाली तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असं सँडविच असायचं. गावातला लोहारही ते बदलू शकायचा. जबाबदारी आता पॅकिंगवर गेली, आणि मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला त्याची मोठी मदत झाली.

पण या सोयीची किंमत कोणीतरी मोजत होतं. अ‍ॅसबेस्टॉस जळत नाही, दाब सोसतं आणि स्वस्त पडतं, म्हणून ते सगळीकडे गेलं. 1924 मध्ये इंग्लंडच्या रॉचडेलमध्ये नेली केर्शॉ नावाची गिरणी कामगार वारली. तिच्या फुफ्फुसात अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू सापडले, आणि डॉक्टर विल्यम कुक यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. 1931 मध्ये ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीबद्दल नियम केले. पूर्ण बंदी यायला मात्र 1999 उजाडलं. मधल्या काळात जगभरचे मेस्त्री चिकटलेलं जुनं पॅकिंग वायर ब्रशने खरवडत आणि ती धूळ श्वासात घेत राहिले. म्हणून जुनी गाडी उघडणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मूळ पॅकिंग कशाचं आहे याची खात्री नसेल, तर ते कोरडं घासू नका, ग्राइंडर लावू नका. ओलं करा, मास्क घाला, हलक्या हाताने उचला.

आता पॅकिंगबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. ते गळती थांबवतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याला जाडी असते, आणि ती जाडी इंजिनाच्या हिशोबात धरलेली असते. हेड पॅकिंग जाड घातलं तर कॉम्प्रेशन कमी होतं. पातळ घातलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर कमी होतं. म्हणजे पॅकिंग हे एक माप आहे.

याचं झकास उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटल. फर्डिनांड पोर्शच्या या गाडीचं क्रँककेस दोन अर्ध्या भागांचं, आणि ते भाग जिथे जुळतात ती रेघ थेट क्रँकच्या बेअरिंगच्या मधोमध जाते. तिथे कागदाचं साधं पॅकिंग घातलं तर? बेअरिंगचं गोल भोक त्या जाडीने मोठं होणार. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातली तेलाची फट मुळातच केसाच्या जाडीच्या आसपास. ती वाढली की तेलाचा दाब पडला, आणि दाब पडला की इंजिन गेलं. म्हणून तिथे पॅकिंग नाहीच. धातूवर धातू, आणि मध्ये सीलंटचा अगदी पातळ हात, जो आवळल्यावर बारीक खड्ड्यांपुरताच उरतो. 2003 पर्यंत दोन कोटींहून जास्त बीटल अशाच जोडल्या गेल्या. पुढे 1969 ला होंडाची सीबी 750 आली. तिचंही क्रँककेस आडवं चिरलेलं, रेघ बेअरिंगमधून जाणारी, आणि तिथेही लिक्विडच.

पण लिक्विड म्हणजे नेमकं काय? सुरुवातीच्या मोटारींच्या काळात ते खरंच शेलॅक होतं. म्हणजे आपली लाख! झाडाच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ तयार करतात, ती गोळा करून, गाळून, स्पिरिटमध्ये विरघळवायची. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतून ती जगभर जायची. जुन्या 78 आरपीएमच्या रेकॉर्ड याच शेलॅकपासून बनायच्या. म्हणजे आजीच्या ग्रामोफोनवरचं नाट्यगीत आणि इंजिनाचा सांधा, दोन्हीकडे एकाच किड्याची कमाई.

नंतर रसायनशास्त्र आलं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत 1940 च्या दशकात एक विचित्र द्रव सापडला. हवा मिळत राहिली तर पातळ राहायचा, हवा तोडली की घट्ट व्हायचा. साठवायचा कसा? सतत हवा फुंकत राहावी लागायची, म्हणून तो पडून राहिला. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी यावर काम केलं आणि 1953 मध्ये बाटलीत टिकणारा द्रव बनवला. त्याचंच नाव लॉकटाइट. ही बाटली कधी पूर्ण भरलेली नसते, बघितलंय का? कंपनी फसवत नाहीये! आतली हवा आणि प्लॅस्टिकमधून झिरपणारा ऑक्सिजन त्याला पातळ ठेवतो. दोन धातूंच्या मध्ये हवा संपली की तो घट्ट होतो.

याच काळात सिलिकॉनही तयार होत होतं. हे हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन रबर बनतं. 1970 च्या दशकापासून कार कंपन्यांनी ऑइल चेंबर आणि टॅपेट कव्हरची बुचाची पॅकिंग काढून तिथे सिलिकॉनची रेघ मारायला सुरुवात केली. शेकडो आकारांची पॅकिंग साठवायची गरज संपली. एक नळी आणि एक रोबोट, काम झालं.

आणि इथेच जबाबदारी पुन्हा सरकली. कारखान्यात रोबोट स्वच्छ धातूवर मोजून रेघ मारतो. तेच इंजिन दहा वर्षांनी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये उघडलं की रोबोटच्या जागी असतं मेस्त्रीचं बोट. पॅकिंग होतं तेव्हा माप पॅकिंगच्या अंगात होतं. ट्यूबमध्ये मापच नाही, ते बोटात लागतं. सिलिकॉन जास्त झालं तर बाहेरच्या बाजूने दिसतं, पण तेवढंच आतही फुगलेलं असतं. तो आतला तुकडा सुटतो, ऑइल चेंबरमधल्या जाळीत अडकतो, आणि तेलाअभावी बेअरिंग जळतं. दोन-चार थेंबांची गळती थांबवायला गेलो आणि इंजिनच गमावलं! लॉकटाइटच्या जातीचं सीलंट या बाबतीत गुणी. आत सांडलेला भाग तेलात पातळच राहून वाहून जातो. पण ते मशीनवर सपाट केलेल्या, पातळ फटीच्या सांध्यालाच चालतं. पत्र्याच्या वाकड्या ऑइल चेंबरला ते पुरं पडत नाही.

राहता राहिला "डबल सेफ"वाला मित्र. त्याच्यासाठी गाडी सोडून क्षणभर रॉकेटकडे जाऊ, कारण दोन्ही लावण्याचा सगळ्यात महागडा धडा तिथे मिळाला. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं, सात जण गेले. त्याच्या बूस्टरच्या सांध्यात रबराच्या दोन ओ-रिंग होत्या आणि त्यांना गरम वायूपासून वाचवायला झिंक क्रोमेटची पुटी. घात झाला तो मुख्यतः सांध्याच्या रचनेमुळे आणि थंडीने ताठरलेल्या रिंगमुळे. पण तपासात पुटीचंही नाव आलं. गळती तपासायला हवेचा दाब द्यायचे तेव्हा पुटीत भोकं पडायची, आणि गरम वायू नेमका त्या भोकातून रिंगवर झोत मारायचा. सुधारलेल्या रचनेत पुटी काढूनच टाकली.

इंजिनातही तसंच. रबरी पॅकिंगवर सिलिकॉन फासलं तर ते घसरतं, बोल्ट आवळताना बाहेर सरकतं. हेड पॅकिंगवर तर कंपनीने सांगितल्याशिवाय काहीच लावू नये. मात्र टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यात जिथे दोन तुकडे जुळतात, तिथे बऱ्याच कंपन्या स्वतःच पॅकिंगसोबत सिलिकॉनचा थेंब सांगतात. तिथे तो थेंब द्यायचाच. म्हणजे "नेहमी दोन्ही" चूक, आणि "कधीच दोन्ही नको" हेही चूक. त्या सांध्यासाठी डिझाइन करणाऱ्याने काय ठरवलं होतं, ते मॅन्युअलमध्ये बघायचं. पॅकिंगच्या जागी पॅकिंग, लिक्विडच्या जागी लिक्विड.

आणि एक विनंती. तुमचा मेस्त्री म्हणाला, "सिलिकॉन लावलंय, गाडी उद्या न्या," तर घाई करू नका. पूर्ण घट्ट व्हायला साधारण चोवीस तास लागतात. त्याने अर्धा तास नुसता सांधा पुसण्यात घालवला, तर त्याचे पैसे कापू नका. वॉटची चरबी, बुगात्तीचा खरवडणारा कारागीर, फोर्डचं सँडविच, या सगळ्यांनी उचललेलं ओझं आता त्याच्या हातातल्या फडक्यावर आहे.

तुमच्या गॅरेजमध्ये पॅकिंगला आणि ट्यूबला काय म्हणतात, मला नक्की कळवा. असे शब्द मी जमवतोय. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तेल तपासत राहा!