‘आमचा अंतर्गत प्रश्न’ : अमेरिकेचा अलगतावाद, बाबासाहेब आणि आपण

कोकणातल्या बौद्धवाडीत वाढलेल्या कार्यकर्त्याला एक वाक्य पाठ असते : ‘हा गावकीचा विषय आहे, बाहेर न्यायचा नाही.’ वाळीत टाकणाऱ्यांचे हे आवडते वाक्य. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली वेगळा कायदा करावा लागला, यावरून ते किती मुरलेले आहे हे कळते. देशादेशांच्या राजकारणात याच वाक्याला ‘अंतर्गत प्रश्न’ म्हणतात.

मित्रांनो, अमेरिका जगाच्या राजकारणात कशी उतरली हे आपण स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतो. 1823 ची मन्रो घोषणा, 1917 मध्ये पहिल्या महायुद्धात प्रवेश, पुढे सिनेटने व्हर्सायचा तह फेटाळला म्हणून राष्ट्रसंघात न जाणे, 1935 पासूनचे तटस्थतेचे कायदे आणि 7 डिसेंबर 1941 चे पर्ल हार्बर. त्यानंतर अमेरिका महासत्ता. (या अलगतावादाची नेहरूंच्या अलिप्ततावादाशी गल्लत करू नये, ते प्रकरण निराळे.)

ही गोष्ट अर्धीच खरी आहे. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे आणि ज्यांचे बालपण काही काळ दापोलीत गेले, ते बाबासाहेब जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला उतरले आणि 1916 च्या जूनपर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. ती अध्यक्ष विल्सन यांची, युद्धापासून लांब राहणारी अमेरिका. पण याच विल्सन सरकारच्या काळात वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळे बसवायला सुरुवात झाली. आणि जुलै 1915 मध्ये अमेरिकेचे सैनिक हैतीत उतरले. गुलामांनी बंड करून 1804 मध्ये स्वतंत्र केलेला देश तो! तिथून हे सैन्य 1934 साली हलले. मग अलगपणा कोणापासून? तो युरोपच्या भांडणांपुरताच होता.

1919 च्या पॅरिस परिषदेत जपानने मागणी केली की राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचे तत्त्व घाला. समितीतल्या 17 पैकी 11 मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. एकमत नाही, असे कारण देऊन त्यांनी ठराव पाडला. जगाला लोकशाही शिकवायला निघालेल्या माणसाने ‘सगळी माणसे समान’ एवढे लिहू दिले नाही.

आता 1941 पाहू, कारण या साली दोन ठिकाणी एकच गोष्ट घडली. जानेवारीत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जगासाठी चार स्वातंत्र्ये जाहीर केली, पण शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत काळ्या कामगारांना दार बंदच होते. रेल्वेच्या पोर्टर कामगारांचे पुढारी फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. मोर्चा निघण्याआधीच, 25 जूनला, रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगातील नोकऱ्यांत भेदभाव बंद करण्याचा आदेश काढावा लागला.

त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. दापोलीला सुभेदार-हवालदारांची पेन्शनर वस्ती होती, रामजी सुभेदारही तिथेच राहिले. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111 वी महार पलटण काढली, 1921 मध्ये मोडून टाकली. दुसऱ्या युद्धात पुन्हा गरज पडली आणि बाबासाहेबांनी ती संधी सोडली नाही. रँडॉल्फ काय आणि बाबासाहेब काय, सरकारची अडचण हेच आपले माप वसूल करण्याचे दिवस, हे दोघांनी ओळखले होते.

म्हणूनच 1942 च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या मॉन्ट ट्रेंब्लांट इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर निबंध लिहून दिला. तीन वर्षांनी काँग्रेस व गांधींवरच्या ग्रंथात परदेशी वाचकाला उद्देशून एक अख्खे प्रकरण लिहिले. 1946 मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र पाठवून अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे करत असलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डू बॉइस यांनी 31 जुलैला सहानुभूतीचे उत्तर दिले. पुढच्या वर्षी डू बॉइस यांच्या संपादनाखाली तयार झालेला मोठा अर्ज संयुक्त राष्ट्रांत पोहोचला, तेव्हा त्याला पाठिंबा द्यायला खुद्द अमेरिकेचे प्रतिनिधीच तयार नव्हते. घरची अब्रू! तरी दबाव वाया गेला नाही. शाळांमधील वंशभेदाच्या खटल्यात 1952 मध्ये अमेरिकी सरकारनेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की या भेदभावामुळे जगात देशाचे नाव खराब होते. 1954 मध्ये निकाल वेगळ्या शाळांच्या विरोधात लागला.

आणि भारत? 1946 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरील भेदभावाची तक्रार भारताने संयुक्त राष्ट्रांत नेली. दक्षिण आफ्रिका म्हणाली, हा आमचा अंतर्गत प्रश्न. भारताने ते मानले नाही, आणि बरोबरच केले. 2001 मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत दलितांनी जातीचा प्रश्न मांडला. परिषद दक्षिण आफ्रिकेतच होती, पण आता ‘अंतर्गत’ म्हणणारे भारताचे सरकार होते.

अमेरिकेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. हैती विसरू नका. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटलच्या नगरपरिषदेने जातिभेदावर बंदी घातली, पण कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये परत पाठवले. कारण दिले, सध्याचे कायदे पुरेसे आहेत. हे उत्तर आपल्याकडच्या तालुक्याच्या कचेरीतही मिळते.

डू बॉइस यांच्या अर्जाचे बळ कागदपत्रांत होते : कोणता कायदा, कोणते हक्क नाकारले, कुठे, किती काळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्रत्येक बहिष्काराची अशी तारीखवार नोंद ठेवायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.