बारा आण्यांचा हिशेब : फिजीच्या करारनाम्यातील वेतन आणि निर्वाहखर्च

१

ब्रिटिश साम्राज्यातील मळ्यांवर भारतातून नेलेल्या करारबद्ध मजुरांच्या इतिहासाचा विचार बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. त्यांपैकी एक अंग छळाचे व अपमानाचे, तर दुसरे अंग त्यांनी परभूमीत उभारलेल्या नव्या समाजाचे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु या दोहोंच्या आधी एक साधा प्रश्न येतो, आणि त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. गाव सोडताना या मजुराने कोणता हिशेब केला होता, आणि तो हिशेब बरोबर करण्यास लागणारी माहिती त्याला देण्यात आली होती काय? प्रस्तुत लेखात फिजी बेटांच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

फिजीची निवड करण्यास कारण आहे. करारबद्ध मजुरांची पद्धत ज्या वसाहतींत सर्वांत उशिरा सुरू झाली, त्यांपैकी ही एक होय. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन फिजीस पोचले. १९१६ साली शेवटचे जहाज गेले. या सदतीस वर्षांत साठ हजारांहून अधिक स्त्रीपुरुष तेथे गेले. आरंभी ते सर्व कलकत्त्याहून जात असत. १९०३ पासून मद्रास बंदरातूनही ही वाहतूक होऊ लागली. मॉरिशसला जसे मुंबई इलाख्यातून मराठी भाषिक मजूर गेले, तसे ते फिजीस फारसे गेले नाहीत. तथापि या पद्धतीवर केंद्रीय कायदेमंडळात जो पहिला व्यापक हल्ला झाला, तो एका महाराष्ट्रीय पुढाऱ्याने केला. त्या अर्थाने हा विषय आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

२

मजुराच्या हाती जो छापील करारनामा पडे, त्यातील वेतनाची कलमे पाहण्यासारखी आहेत. कराराची मुदत पाच वर्षांची. आठवड्यातून पाच दिवस रोज नऊ तास, व शनिवारी पाच तास काम. प्रौढ पुरुषास रोजी किमान एक शिलिंग व प्रौढ स्त्रीस किमान नऊ पेन्स. काम ठेक्याने दिल्यास तेवढीच रक्कम प्रत्येक पुऱ्या झालेल्या ठेक्यास मिळावयाची. पुरुषाचा ठेका म्हणजे सामान्य सशक्त पुरुष सहा तास सतत श्रम करून जेवढे काम उरकील तेवढे, आणि स्त्रीचा ठेका त्याच्या पाऊणपट. राहण्यास जागा व औषधोपचार विनामूल्य. पहिले सहा महिने मालकाने ठराविक शिधा द्यावयाचा व त्याबद्दल रोजी चार पेन्स कापून घ्यावयाचे. दहा वर्षे वसाहतीत राहिल्यास परतीचा प्रवास फुकट. पाच वर्षांनंतर कोणी परतू म्हटल्यास त्याने तो स्वखर्चाने करावा.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या करारनाम्यांत या रकमांपुढे त्यांचे देशी मूल्यही दिलेले असे. एक शिलिंग म्हणजे सध्या बारा आणे, नऊ पेन्स म्हणजे नऊ आणे, चार पेन्स म्हणजे चार आणे. संयुक्त प्रांताच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत, जेथून मोठ्या संख्येने लोक गेले, शेतमजुराची रोख मजुरी अनेक ठिकाणी दोन-तीन आण्यांच्या आसपास होती. अशा माणसास ‘बारा आणे’ हा शब्द कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते. भरती करणाऱ्या आरकाट्याला याहून अधिक वर्णन करण्याची गरजही पडत नसे.

वस्तुतः या बारा आण्यांचा उगम मळेवाल्यांच्या औदार्यात नसून हुंडणावळीच्या दरात होता. १८७९-८० च्या सुमारास रुपयाचा भाव सुमारे वीस पेन्स होता. त्या भावाने एका शिलिंगाचे साडेनऊ आण्यांहून किंचित अधिक होतात. पुढे चांदी घसरत गेली, आणि शतकाच्या अखेरीस रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर स्थिर करण्यात आला. त्या भावाने एक आणा म्हणजे बरोबर एक पेनी, व एक शिलिंग म्हणजे बरोबर बारा आणे. शिलिंग मात्र पूर्वीचाच राहिला. म्हणजे वेतनात एका पेनीचीही वाढ न होता आण्यांतील आकडा सुमारे पावपट फुगला. जो मजूर शिल्लक टाकून ती गावी धाडी, त्याला या घसरणीचा खराखुरा लाभ झाला. परंतु जो पैसा फिजीतच पोटासाठी खर्च व्हावयाचा, तो शिलिंग-पेन्सांतच खर्च व्हावयाचा होता. करारनाम्यातील आण्यांचा आकडा या दोन उपयोगांत भेद करीत नव्हता.

३

आता करारनाम्याच्याच आकड्यांवरून एका आठवड्याचा जमाखर्च मांडून पाहू. पाच पूर्ण दिवस व शनिवारचे पाच तास त्याच प्रमाणात धरले, तर एकही खाडा न करणाऱ्या पुरुषाची साप्ताहिक कमाई सुमारे सदुसष्ट पेन्स होते. शिधा सातही दिवस खावा लागतो. त्याचे चार पेन्सांप्रमाणे अठ्ठावीस पेन्स होतात. म्हणजे कमाईचा ४२ टक्के भाग शिध्यातच जातो. स्त्रीची कमाई त्याच हिशेबाने पन्नास पेन्स होते. शिध्याचे पैसे तेवढेच, म्हणून तिच्या कमाईतील ५६ टक्के भाग अन्नावर जातो. पुरुषाच्या हाती एकोणचाळीस पेन्स उरत, तर स्त्रीच्या हाती बावीस. करारातील वेतनाचे प्रमाण चारास तीन होते. शिलकीचे प्रमाण मात्र निम्म्याच्या आसपास येते. गर्भारपण, बाळंतपण वा मुलाचे आजारपण यांमुळे जे दिवस बुडत, त्यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

आणि हा हिशेब आदर्श आठवड्याचा आहे. पाऊस, आजार आणि ठेका पुरा न होणे यांमुळे प्रत्यक्षातील सरासरी कमाई, विशेषतः पहिल्या दशकांत, पुष्कळदा शिलिंगाच्या खाली राहिली. ठेक्याची मापे मुकादम व गोरे देखरेखे ठरवीत. सामान्य सशक्त पुरुष कोणता, हे ठरविणेही त्यांच्याच हाती होते. गैरहजेरी हा केवळ मजुरी बुडण्याचा प्रश्न नव्हता, तर तो फौजदारी गुन्हा होता. त्यासाठी दंड वा कैद होई, आणि बुडालेले दिवस कराराच्या मुदतीत वाढविले जात. या शिक्षांचा करारनाम्यात उल्लेखही नव्हता.

सहा महिन्यांनंतर शिधा बंद होई. तेथून पुढे मजुराने आपले अन्न बाजारभावाने विकत घ्यावयाचे. वरवर पाहता ही मोकळीक दिसते. पण तिचा आर्थिक अर्थ निराळा आहे. मॉरिशसच्या जुन्या पद्धतीत पुरुषास महिना पाच रुपये रोख आणि त्याखेरीज तांदूळ, डाळ, मीठ इत्यादी शिधा मिळे. ते वेतन तुटपुंजे होते, कापाकापीही निर्दय होती. तरी तांदूळ महागला तर त्याची झळ, निदान करारापुरती, मालकास लागे. फिजीत शिधा बंद झाल्यावर ही सर्व जोखीम मजुराच्या माथी आली. डाळ, तूप, मसाले हे सारे दूर देशांतून येई, आणि गव्हाचे पीठही समुद्रापलीकडूनच यावयाचे. वेतन पाच वर्षांसाठी गोठलेले आणि भाव मोकळे, अशी ही रचना होती.

गावाकडील दोन-तीन आण्यांशी बारा आण्यांची तुलना करणेही मुळातच सदोष होते. गावात मजुरीचा काही भाग धान्यात मिळे. सरपण रानातून येई, भाजी कुंपणावरची, आणि अडीनडीला भाऊबंद असत. या गोष्टी आण्यांत मोजल्या जात नसत, म्हणून त्या तुलनेतून गळून पडत. परदेशी गेल्यावर त्यांतील प्रत्येकीला किंमत द्यावी लागे. १८९३ साली फिजीस गेलेले व १९१४ मध्ये परतलेले तोताराम सनाढ्य यांनी आपल्या हिंदी अनुभवकथनात अपुऱ्या शिध्याची जी हकीकत सांगितली आहे, ती या दृष्टीने वाचली पाहिजे.

४

या विषयावरील तत्कालीन मतभेदही मूलतः हिशेबाच्या पद्धतीचा होता असे दिसते. भारत सरकारने १९१३ मध्ये पाठविलेल्या मॅकनील व चिमनलाल यांच्या समितीने वेतन, खर्च व शिल्लक यांचे तपशील गोळा केले आणि दोष मान्य करूनही मजुरांचा लाभ हानीपेक्षा अधिक आहे असा निष्कर्ष काढला. उलट, चार्ल्स अँड्र्यूज व विल्यम पिअर्सन यांनी स्वतंत्र चौकशी करून १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या पद्धतीचा निषेध केला. पहिल्यांनी शिल्लक पाहिली. दुसऱ्यांनी ती शिल्लक कोणत्या मोबदल्यात पडते ते पाहिले. पुष्कळ मजुरांनी पैसा साठविला, तो घरी पाठविला, आणि करार संपल्यावर खंडाने जमीन घेऊन ऊस लावला, हे खरे आहे. बहुसंख्य लोक परत न येता तेथेच स्थायिक झाले, हेही खरे आहे. परंतु पोटास चिमटा घेऊन टाकलेली शिल्लक ही वेतन पुरेसे असल्याचा पुरावा ठरत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा त्यांनी वादाचे केंद्र नेमके बदलले. आकडेमोडीत निष्णात असलेल्या या पुढाऱ्याने मजुरी किती पडते एवढ्यावरच भर दिला असता तर ते स्वाभाविक ठरले असते. त्यांचा मुख्य आक्षेप मात्र निराळा होता. निरक्षर माणूस, ज्याला त्या देशाची माहिती नाही व ज्याला फौजदारी शिक्षांची कल्पना दिलेली नाही, तो ज्या करारास बांधला जातो, तो करार न्याय्य म्हणता येत नाही. ठराव तेहतीस विरुद्ध बावीस मतांनी फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी पंडित मदन मोहन मालवीय यांनी हाच प्रश्न पुन्हा मांडला, तेव्हा सरकारने पद्धत बंद करण्याचे तत्त्व मान्य केले. आणि १९१७ च्या मार्चमध्ये युद्धकालीन नियमांन्वये भरती थांबली.

५

या कथेचा शेवट विचार करायला लावणारा आहे. १९२० च्या जानेवारीच्या आरंभी फिजीतील उरलेले सर्व करार रद्द झाले. त्यानंतर पंधरवडाही लोटला नसेल, तोच १५ जानेवारीस सुव्हा येथे सार्वजनिक बांधकाम खात्यातील भारतीय मजुरांनी संप पुकारला. कामाचे तास वाढणार या समजुतीने ठिणगी पडली. पण त्यामागे युद्धकाळात भडकलेले अन्नधान्याचे व कापडाचे भाव होते. मागणी होती रोजी दोन शिलिंगांऐवजी पाच शिलिंगांची. बॅरिस्टर मणिलाल व त्यांच्या पत्नी जयकुंवर यांचा या चळवळीशी निकट संबंध होता, आणि स्त्रियांनी तीत ठळक भाग घेतला. फेब्रुवारीत पोलिसांनी गोळीबार केला व संप मोडला. मणिलाल यांना वसाहत सोडावी लागली. पुढल्याच वर्षी पश्चिमेकडील उसाच्या पट्ट्यातही मोठा संप झाला.

गिरमिट संपले तरी महागाई संपली नव्हती, असा याचा एक अर्थ लावता येईल, आणि तो खोटा नाही. परंतु त्याहून महत्त्वाचा अर्थ दुसरा आहे. परदेशी जाणाऱ्या कोणाही माणसाचा पहिला हिशेब अपुराच असतो. दूरच्या बाजारातील भाव आधी कळत नाहीत, आणि घरी फुकट मिळणाऱ्या गोष्टींची किंमत घर सुटल्यावरच कळते. मोकळा माणूस तो हिशेब वेळोवेळी सुधारतो. तो अधिक मजुरी मागतो, मालक बदलतो, किंवा परत फिरतो. करारबद्ध मजुरास हे तिन्ही मार्ग पाच वर्षे कायद्याने बंद होते. त्याची फसवणूक बारा आण्यांच्या आकड्याने झाली, हे तर खरेच. पण त्याचे खरे नुकसान, चूक उमगल्यावर हिशेब पुन्हा मांडण्याचा अधिकार काढून घेतल्याने झाले. १९२० साली सुव्हाच्या मजुरांनी प्रथम वापरला तो हाच अधिकार होय, आणि त्या संपाचे मोल त्यातील यशापयशापेक्षा याच दृष्टीने अधिक मानावे लागते.